थुंकणारा पाहुणा

तो परदेशी वाइन-व्यापारी देशोदेशींचे द्राक्षमळे पालथे घालून आमच्या कसालला आला, तो मी केलेली काजूच्या बोंडांची वाइन चाखायला. त्याला पसंत पडली, तर ती थेट परदेशात जाणार होती. तसं मी गावभर सांगूनही टाकलं होतं.

त्याने ग्लास उजेडात धरला, नाक आत खुपसलं, घोट तोंडात खुळखुळवला आणि माडाच्या आळ्यात पचकन थुंकला.

"गो बाय! पावनो थुकता!" बायको दारातून ओरडली.

चाखणाऱ्यांची हीच रीत असते, असं मी तिला समजावलं. खरं तर स्वतःलाच. दुसऱ्या बाटलीचंही तेच झालं. "बरी आहे," तो इंग्रजीत म्हणाला, पण माडाकडे बघत.

बायकोने रागाने त्याच्यापुढे सोलकढीची वाटी आदळली. त्याने हुंगली, घोट घेतला. आम्ही दोघं आळ्याकडे बघत राहिलो. त्याने गिळला! मग वाटी रिकामी करून पुढे केली.

"वर्षभर शेतकऱ्यांच्या दारात थुंकत फिरतो," तो हळूच म्हणाला. "गिळायला कोणी काही देत नाही."

मी बायकोला अर्थ सांगितला. तिने वाटी पुन्हा काठोकाठ भरली.

"त्येका सांगा, हात धुवन जेवूक बस," ती म्हणाली. "आणि तुमची ती बाटली आधी उचला थयसून."