याच वैशाखात

कर्करोगाच्या रुग्णाशी बोलायचं कसं, हे शिकवायला आम्हा तालुक्याच्या डॉक्टरांना हायवेलगतच्या हॉटेलात बसवलं होतं. शिकवणारी मुंबईची पोरसवदा बाई पडद्यावर पायऱ्या दाखवत होती. खुर्ची जवळ ओढा. नजरेला नजर द्या. बातमी सांगून थांबा.

शेजारचा मुरबाडवाला डॉक्टर कुजबुजला, "रडायला किती मिनिटं द्यायची, तेही विचार रे."

मी हसलो. माणसाशी माणसासारखं बोलायला एसी आणि पडदा लागतो, याची किळस आली. खरं तर ती माझी मला यायला हवी होती.

पंधराएक वर्षांपूर्वी शेणव्याची एक बाई शहापूरला माझ्या दवाखान्यात यायची. छातीत गाठ. मुंबईचा रिपोर्ट आला तसा मी रिवाजाप्रमाणे नवऱ्याला बाहेर नेऊन सांगितलं. तोही रिवाजाप्रमाणे म्हणाला, "तिला नका सांगू." आमच्याकडे बाईचा रोग बाई सोडून सगळ्यांना ठाऊक असतो. डॉक्टरला ते फार सोयीचं पडतं.

आत आलो तर तिनंच विचारलं, "डॉक्टर, पोरीचं ठरलंय. धसईचं स्थळ हाय. याच वैशाखात उरकू, का बरी झाल्यावर करू?"

नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

"बरी हो आधी," मी म्हणालो. "पुढल्या वैशाखात नाचत कर."

"नाचाया कशाला? उभी रायले तरी पुरे."

भातकापणीच्या आत ती गेली. पुढल्या वैशाखात पत्रिका आली. मुलीच्या आईच्या नावाआधी कै. छापलं होतं. मी आहेर पाठवून दिला, गेलो नाही.

हॉटेलात शेवटी नाटक करायचं होतं. मुरबाडवाला डोक्यावरून रुमाल घेऊन पेशंट झाला, लाडिक आवाजात म्हणाला, "सांगा ना डॉक्टर, बरी होईन ना मी?" सगळे खिदळले. मी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. "बघा, सर किती सुंदर थांबले!"

मला प्रशस्तिपत्र मिळालं. फोटोही काढला. त्यात मी हसतोय.

रोगाचं नाव न घेता, नवऱ्याचा शब्दही न मोडता तिला सांगता आलं असतं. याच वैशाखात कर. एवढंच तर तिनं विचारलं होतं.