मागचं पुसट

आईच्या दशक्रियेच्या बॅनरसाठी पनवेलच्या फ्लेक्सवाल्याला तिचा फोटो हवाय. आधारकार्डावर ती धास्तावलेली दिसते, तो द्यायचा नाही. म्हणून सकाळपासून जुने ईमेल उपसतोय, आणि हाती लागली ती फक्त माझी फोरमवरची सही.

सही म्हणजे बोटभर उंचीची, चित्राची पट्टी. बाइकवाल्यांच्या फोरमवर माझ्या प्रत्येक पोस्टखाली ती दिसायची. उलव्याला आमच्या घरासमोर मी बाइकवर बसलो आणि माझ्या मित्राने, नीलेशने, फोटो काढला. मग कॉम्प्युटरवर शिकवलं, की नाव वेगळ्या लेयरवर लिही, अक्षरांना थोडी सावली दे आणि मागचं सगळं पुसट कर, म्हणजे तू उठून दिसशील. पुसट करायचा तो स्लायडर मी पार शेवटपर्यंत ओढला.

त्या पुसटात, दाराशी, एक हिरवा डाग आहे. ते आईचं लुगडं. ती सुकट निवडत बसली होती. तो वास आत्ताही नाकात येतो. मूळ फोटो नीलेशकडेही उरलेला नाही. घर तर विमानतळात गेलं. मी डाग मोठा करतोय, शार्प करतोय, परत मोठा करतोय. हिरवे चौकोन वाढत जातात, तोंड काही उमटत नाही.

नीलेशने कॅमेरा धरला तेव्हा ती सूप घेऊन अर्धवट उठली होती. "माजा फोटू येल रं. आत जाऊ का?"

"बस गो आये," मी म्हणालो होतो. "मागचं कायच दिसनार नाय."