बांधावरचं थांबणं

आमचे हे चालता चालता थांबायचे. मिठागराच्या बांधावरून पन्नासएक पावलं गेले की उभे, नजर वाफ्यातल्या पाण्यावर. पाणी किती आटलंय, मीठ कुठं धरलंय, ते असं उभं राहूनच कळतं. त्यामुळे मिठागरात थांबलेल्या माणसाला कुणी हटकत नाही. उलट गडी म्हणायचे, "शेट बगा, एक वाफा सोडीत नाय." ऐकून मला बरं वाटायचं.

पण मी मुळातच उतावळी. डोक्यावर भाकऱ्यांची पाटी, पायाखाली तापलेला बांध, आणि हे पुतळ्यासारखे उभे.

"अवो, पानी काय पलून जातंय? चला की!"

"तू हो फुडं. मी आलोच."

आधी मी थांबायचे. मग थांबेनाशी झाले. झोपडीत त्यांची भाकरी झाकून ठेवायची आणि एकटीनं घरी यायचं. आम्हांला मूलबाळ नव्हतं, बोलायला काय ते हेच. इतक्या वर्षांनी आपला कंटाळा आला असेल, अशी मी समजूत करून घेतली. फार एकटं वाटायचं. विचारलं मात्र कधीच नाही, माझाही हट्ट होता.

मध्यंतरी त्यांना घेरी आली म्हणून पनवेलला बाजारातल्या डॉक्टरांकडे नेलं. दंडाला पट्टा बांधून डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर आहे, मीठ कमी करा, विडी सोडा. मिठागरवाल्याच्या घरात मी अळणी कालवण रांधू लागले. पुढच्या खेपांना हे मला दारातच सांगायचे, "तू भाईर बस."

पुढच्या उन्हाळ्यात, भरदुपारी, छातीत कळ येऊन हे मिठागरावरच गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मी डॉक्टरांकडे गेले, जरा तावातावानंच. गोळ्या चुकवल्या नव्हत्या, मीठ तोडलं होतं, मग असं कसं झालं?

त्यांनी मला बसवलं. रक्ताचा दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की रक्तवाहिन्या कडक होतात, आतून अरुंद होत जातात, म्हणाले. त्यात विडी. ह्यांच्या पायातल्या वाहिन्या तशा झाल्या होत्या. चालताना पोटरीला रक्त पुरत नाही, ती आवळून येते, उभं राहिलं की सुटते. पायात असं असलं की काळजाच्या वाहिन्याही तशाच असण्याची भीती असते.

"मुंबईला दाखवा म्हणून किती वेळा सांगितलं. मिठागर बंद होईल म्हणायचे. पन्नास पावलांवर थांबावं लागत होतं त्यांना. तुम्हांला बोलले असतीलच."

"हो, बोलले होते की," मी म्हटलं.

नवऱ्याचा पाय दुखत होता आणि बायकोला ठाऊक नव्हतं, हे त्या परक्या माणसापुढं कबूल करायला माझी जीभ रेटली नाही.