डिस्कची तब्येत

परदेशी जाताना मुलीने तिचा कॉलेजातला लॅपटॉप मला देऊन टाकला, तेव्हाच तो उतारवयाला लागला होता. पहिली काही वर्षं त्याने बरी काढली. मग सकाळी बटण दाबून मी चहा ठेवायचो, चहा पिऊन कप विसळायचो, तरी पडद्यावरचं ते गोल चक्र फिरतच असायचं. एखादी फाइल उघडायला गेलं की आतून किर्र, कट, किर्र असा आवाज यायचा आणि मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही. तसं माझं त्यावर काम ते किती असणार? विजेचं बिल भरायचं आणि फोटो बघायचे. पण बायको वारल्यापासून तिचे सगळे फोटो त्या एका डब्यातच होते, त्यामुळे तो बंद पडून चालणार नव्हतं.

माझी सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, मेंटेनन्समध्ये गेली. मशीन कुरकुरायला लागलं की आम्ही स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचो आणि मूठ कानाला लावायचो. आत काय चाललंय ते स्वच्छ ऐकू येतं. लॅपटॉपलाही मी तेच केलं. चालू असतानाच पालथा घातला, टोक टेकवलं आणि कान लावला. फिरण्याचा आवाज एकसारखा, खरखर अजिबात नाही. बेअरिंग उत्तम आहे, असा निकाल देऊन मी मोकळा झालो आणि मुलीला फोनवर तसं कळवलंही. ती इतकी हसली की मला जरा रागच आला.

"आधी तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा, पप्पा," ती म्हणाली. "मीच येऊन बघते."

येऊन म्हणजे कशी, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिने एक ॲप टाकायला लावलं, त्यातला नंबर मी फोनवर वाचून दाखवला, आणि एकदम पडद्यावरचा बाण आपला आपण चालायला लागला. माझे दोन्ही हात मांडीवर होते. बाण इकडे गेला, तिकडे गेला, एक खिडकी उघडली, दुसरी मिटली. विचार करताना मुलगी तो बाण बारीक गोल गोल फिरवत राहायची. शाळेत असताना पेन्सिल बोटांत फिरवायची, अगदी तसंच. मी पडद्याकडे कमी आणि त्या गोलांकडेच जास्त बघत होतो. घरात किती दिवसांनी दुसरं कुणीतरी हलत होतं.

तिने एक तक्ता उघडून दाखवला. मेमरी मोकळी, प्रोसेसर निवांत, आणि डिस्क मात्र शंभर टक्के कामात. मशीन सुरू होताच आपोआप जागे होणारे नको ते प्रोग्राम तिने बंद केले. दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या उरावर बसले होते, त्यातला एक काढून टाकला. तरी फरक पडेना. मग तिने डिस्क तपासणारा एक छोटा प्रोग्राम आणला. त्यात वर एक मोठा चौकोन होता. निळा असला तर ठीक, लाल असला तर खेळ संपला. आमचा पिवळा निघाला.

डिस्कच्या चकतीवर काही जागा खराब झाल्या आहेत, असं तिने समजावून सांगितलं. तिथलं वाचता येत नाही म्हणून ती बिचारी पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि त्यातच सगळा वेळ जातो. म्हणजे बेअरिंगबद्दल माझं चुकलं नव्हतं, दुखणं दुसरीकडेच होतं. पिवळ्याचा अर्थ असा की ती आज जाईल किंवा वर्षभर चालेल, कुणी सांगू शकत नाही. तेव्हा आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचं आणि मग नवी बसवायची. पहिल्याच दिवशी तिने आईचे फोटो उतरवले. उरलेलं रोज थोडं थोडं करू, म्हाताऱ्या डिस्कला एकदम दमवायचं नाही, असं म्हणाली.

मग रोजचा परिपाठच पडला. माझी सकाळ म्हणजे तिची रात्र. ती जेवण आटोपून यायची, मी अंघोळ करून, चक्क इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. कॅमेरा बंद असायचा, तरीही. आल्या आल्या तिचा प्रश्न ठरलेला, तब्येत कशी आहे? मी चौकोनाचा रंग सांगायचो, त्याखाली खराब जागांचा जो आकडा असतो तो वाचायचो, डिस्कचं तापमान सांगायचो. मग ती एक फोल्डर उचलायची, ते उतरेपर्यंत आम्ही इकडचं तिकडचं बोलायचो आणि ती जायची. बाण असेल तिथे थबकायचा आणि मला कळायचं की गेली. उरलेला दिवस पुढ्यात पडलेला असायचा. डिस्क दुरुस्त होऊ नये असं मला वाटायला लागलं होतं, हे कबूल करायला हवं. जन्मभर मशीन चालू ठेवण्याचा पगार घेतलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण वाटत होतं खरं.

अशाच एका सकाळी लॅपटॉप नेहमीप्रमाणे रुसून बसला होता, म्हणून आम्ही आधी फोनवरच बोलत होतो. तिने विचारलं, "तब्येत कशी आहे?"

त्या दिवशी तिचा आवाज जरा मऊ होता, का मलाच तो तसा ऐकू आला, कुणास ठाऊक. मी बोलत सुटलो. म्हणालो, बरी नाही गं. जेवण जात नाही. एकट्यासाठी पोळ्या लाटायचा कंटाळा येतो, मग दूध-पाव खातो. घरात आवाज असावा म्हणून टीव्ही चालू ठेवतो, पण बघत नाही. दिंडोरीहून तुझा काका म्हणतो, मळ्यात येऊन राह्य, एकट्यानं काय करतो तिथं. पण जाऊन करू काय? त्यांची सगळ्यांची द्राक्षांच्या छाटणीची घाई, मी बसणार खाटेवर. घर खायला उठतं, तुझी आई होती तेव्हा कधी कळलं नाही, असंही बोलून गेलो.

मला वाटलं फोन कट झाला.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "मी डिस्कचं विचारत होते."

आपल्या भाषेत 'तुमची' असं न म्हणताच तब्येत विचारतात, त्याचा हा परिणाम. लाजेने माझे कान तापले. ती लगेच म्हणाली, पण सांगा ना, बोला, मी ऐकतेय. पण न विचारता सांगितलेलं पुन्हा विचारून थोडंच सांगता येतं? तेवढ्यात लॅपटॉप सुरू झाला.

"पिवळाच आहे," मी म्हणालो, आणि आकडा वाचला.

त्यानंतर आम्ही दोघंही त्या विषयाकडे फिरकलो नाही. फोल्डर संपत आले, आणि एक दिवस संपलेच. द्वारका चौकाजवळच्या दुकानात मी लॅपटॉप नेला. तिथल्या माणसाने जुनी डिस्क काढून माझ्या हातात दिली आणि न फिरणारी, न वाजणारी नवी डिस्क बसवली. घरी आल्यावर बटण दाबलं तर चहाचं आधण ठेवायच्या आतच पडदा तयार. मी तसाच पातेलं धरून उभा राहिलो.

संध्याकाळी तिला फोन करून कळवलं. तिकडे तिची सकाळ, ऑफिसची गडबड. ती खूश झाली. मी म्हणालो, ते तुझं बाण चालवायचं ॲप यात टाकायचं राहिलंय. ती म्हणाली, कशाला आता? नव्याला काही होत नाही.

"म्हणजे बिघडल्याशिवाय येणार नाहीस का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिच्या मागे कुठेतरी दार लागल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "पप्पा, ते सगळं एका दिवसात उतरलं असतं. मीच रोज एकेक फोल्डर घेत होते. इथे ऑफिसातून आले की दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही."

कारखान्यात कुणी ओव्हरटाइमसाठी काम लांबवायला लागला की मला लांबूनच कळायचं. अशांना मी सरळ केबिनमध्ये बोलावून घ्यायचो. आणि माझ्यासमोर, माझ्याच लॅपटॉपवर, माझी मुलगी रोज काम लांबवत होती, ते मला कळलं नाही. मी आपला इस्त्रीचा शर्ट घालून मला एकट्यालाच एकटं वाटतंय अशा समजुतीत बसलो होतो. मला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, आणि ते शक्य नव्हतं.

नाक ओढत तिने विचारलं, "उद्या काय बिघडलंय मग?"

"प्रिंटर," मी म्हणालो.

"किती वाजता येऊ?" तिने विचारलं. आमच्या घरात प्रिंटर नाही, हे तिला चांगलं माहीत आहे.