तिसरी उडी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आणि अक्षर वाकडं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांबद्दल लिहायचं मनात फार दिवस आहे.

"पुन्हा एकदा!" हे त्यांचं बोलणं.

वसमतजवळच्या आमच्या गावच्या शाळेत मी पाणी भरायचे, झाडायचे. सर पोरींच्या उड्या मोजायचे. भिंत चुन्याची, तिच्यावर खडू दिसेना. म्हणून बोटाला ओली हळद लावून उडी मारायची आणि हात पोचेल तिथं ठसा उठवायचा. पहिल्या ठशावर सरांचा विश्वास नसे. "झोप झाली का? घरी भांडण झालं व्हय? मग उद्या पुन्हा एकदा."

बाजारातही तेच. कांदे दोनदा तोलायला लावले की दुकानदार म्हणायचा, "काहून सर, मघाशी कांदा दमलेला होता?"

हिंगोली जिल्हा नवा झाला त्या सुमारास वसमतला खेळाच्या वसतिगृहासाठी मोठी निवड होती. निवडलेल्या पोरीला शहरात राहणं, खाणं, शिक्षण फुकट. माझ्या लेकीसाठी दुसरी वाट नव्हती. तिचे वडील वारले होते, आणि सातवीनंतर तिला हळदीच्या कामाला धाडा, असं घरचे म्हणत होते.

देव पावावा म्हणून मी तिला उपास धरायला लावला. निवडीच्या दिवशी सकाळी तिची उडी अगदीच खाली लागली.

सरांनी विचारलं, "काय खाल्लं गं?"

"उपास हाय सर."

सर माझ्याकडं वळले. "ताई, उपास तुमी धरा की! उडी तिला मारायचीय." मग त्यांनी केळी आणली. "खा. केळं उपासाला चालतं."

निवडीचे साहेब ऐकेनात. "एकदा झाली की झाली."

"साहेब, तुमी उपाशी पोटाची उडी मोजली. पोरीची मोजायची राहिली."

दुपारी साहेबांनी कंटाळून दुसरी उडी घेतली. ठसा एवढा वर उठला की साहेबांनी लगेच तिचं नाव लिहिलं. मी हात जोडले.

"थांबा," सर म्हणाले. "दोन उड्यांत एवढा फरक? मग खरी कोणती? तिसरी घ्या."

मी चार माणसांत कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी ओरडले, "सर, आता गप बसा ना!"

सगळे हसले. सर हसले नाहीत. हळूच म्हणाले, "ताई, चुकून लागलेल्या उडीवर ती तिकडं गेली, तर रोज कमी पडंल. रडंल लेकरू. तिथं कोण हाय तिचं?"

मी डोळे मिटून घेतले. पावलं वाजली, धप्प झालं. साहेबांनी टेप लावला. दुसऱ्या ठशाच्या बोटभरच खाली.

"बराबर," साहेब म्हणाले. तेव्हा कुठं सरांनी शिट्टी खिशात घातली.

लेकीला निरोप द्यायला सर स्टँडवर आले होते. पुढच्याच वर्षी त्यांची बदली झाली, पुन्हा भेट नाही. पण मला ते अजून तसेच दिसतात: एसटी सुटलेली, मी पदर डोळ्याला लावलेला, आणि सर गाडीबरोबर चालत खिडकीतून लेकीला बजावून राहिले, "उपास धरू नको! ऐकलं का? तिकडं अजिबात उपास धरू नको!"