न ऐकलेलं सहावं गाणं

प्रभावती घोरपडे चिडल्या की आवाज चढवत नाहीत. दिल्लीच्या एका मंत्रालयातल्या त्यांच्या सेक्शनला हे चांगलं ठाऊक आहे. त्या चष्मा काढून फाइलवर ठेवतात आणि समोरच्याला शांतपणे म्हणतात, "पान सात काढा." सातव्या पानावर काय आहे ते न वाचताच फाइल पुढे सरकवली असेल, तर त्या माणसाची मग धडगत नसते.

वय सत्तावन्न, हुद्दा सेक्शन ऑफिसर, घर लक्ष्मीबाई नगरात. वडील फौजेत, सिग्नल्समध्ये होते. दिल्ली कँटमधल्या क्वार्टरमध्ये ते रेडिओची सुई फिरवायचे, तेव्हा दोन स्टेशनांच्या मधे जी शिट्टी आणि खरखर येई, ती लहानग्या प्रभावतीला गाण्यांहून जास्त आवडायची. "आबा, सुई तिथंच ठेवा ना," म्हणून हट्ट धरायची. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, लेकीचं, शिवांजलीचं शिक्षण आलं आणि ते सगळं मागे पडलं. सहा वर्षांपूर्वी शिवांजली नोकरीसाठी बंगळुरूला गेली. जाताना आपले जुने हेडफोन आईला देऊन गेली आणि फोनवर एक गाणं लावून गेली. शिलाँगच्या कुणा मुलीने आपल्या खोलीत बसून संगणकावर केलेलं. त्यात मधेच तशीच शिट्टी वाजली आणि प्रभावतीबाई भाजी चिरता चिरता थांबल्या.

तेव्हापासून त्यांचा शुक्रवार बदलला. नवी गाणी शुक्रवारी येतात. त्या पहाटे साडेचारला उठायच्या आणि ऑफिसची वेळ होईपर्यंत ऐकत बसायच्या. मोठ्या कंपन्यांची नाही, एकेकट्या पोरापोरींनी केलेली: कुणी इंफाळचं, कुणी इंदूरचं, कुणी दिल्लीतल्याच द्वारकेच्या सेक्टरातलं. वहीत नाव, गाव, किती मिनिटं आणि दोन ओळींचं मत. कंटाळवाणं असलं तरी शेवटपर्यंत ऐकायचं, हा नियम.

नोएडातल्या एका संगीताच्या वेबसाइटला त्यांनी एकदा अशी टिपणं मेल केली. ती छापून आली. मग दर शुक्रवारी येऊ लागली, तीन वर्षं. खाली नाव असायचं, "पी. घोरपडे". संपादक जयदीप, तिशीतला. भेट कधी झाली नव्हती, पण मेल यायची: पी., असे कान अख्ख्या दिल्लीत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात वेबसाइटने ठरवलं, आता लिहायचं नाही, व्हिडिओ करायचा. पी. यांना ऑफिसात बोलावलं. प्रभावतीबाई नारायणपेठ नेसून मेट्रोने गेल्या. जयदीप दारापर्यंत आला आणि थबकला.

"अच्छा... तुम्हीच पी.? मला वाटलं... बसा ना, काकू."

तीन वर्षं त्या पी. होत्या. एका क्षणात काकू झाल्या.

जयदीप दिल्लीतच वाढलेला. शब्द शोधत शोधत मराठी बोलत होता. "काकू, तुमच्यासाठी एकदम परफेक्ट आयडिया आहे. जुन्या जमान्याची गाणी. तुम्ही किचनमध्ये उभ्या आहात, चहा बनवताय आणि आठवणी सांगताय."

"मला जुनी गाणी फारशी आवडत नाहीत."

"असं कसं?"

"आणि नव्या गाण्यांचं काय?"

"ते आमच्या ऑफिसातला यशराज करेल. ऑडियन्स यंग आहे ना, यार... सॉरी, काकू."

प्रभावतीबाई म्हणाल्या, "गेल्या शुक्रवारपर्यंत माझे कान चांगले होते. चेहरा दिसल्याबरोबर ते म्हातारे झाले का?"

जयदीप हसला. त्याला तो विनोद वाटला.

घरी नवरा म्हणाला, "सोड गं. छंदच तर होता." सुधाकरराव रिटायर झाल्यापासून सगळंच सोड म्हणतात.

"छंद तुमचं शब्दकोडं," त्या म्हणाल्या. "मी काम केलंय. एकही गाणं अर्धवट ऐकून मत दिलेलं नाही."

त्या गप्प बसल्याही असत्या. पण महिन्याभराने वैभवीचा अल्बम आला. वैभवी गाझियाबादची. लिफ्टची मोटर, कुकरची शिट्टी, आईचं शिवणयंत्र असले आवाज घेऊन गाणी करणारी. तिच्याबद्दल सगळ्यात आधी लिहिलं होतं ते प्रभावतीबाईंनीच. पहाटे त्यांनी तो ऐकला. पाच गाणी, तेवीस मिनिटं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत यशराजचा व्हिडिओ लावला. तो हात नाचवत सांगत होता, "और छठा गाना तो कमाल है! वैभवी के पापा की आवाज़, रोंगटे खड़े हो गए!"

सहावं गाणं नव्हतंच.

संध्याकाळी त्यांनी वैभवीला फोन लावला. मुलगी रडवेली झाली होती. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या आवाजाचं गाणं तिने केलं होतं, पण आईला ते सोसेना, म्हणून शेवटच्या क्षणी काढलं. सगळ्यांना तसं कळवलंही. जुन्या माहितीपत्रकात मात्र ते राहिलं होतं आणि यशराजने तेवढंच वाचलं. शेजारणीने तो व्हिडिओ आईला दाखवला. दुपारपासून आई जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. प्रभावतीबाई पुन्हा नोएडाला गेल्या. या वेळी कुणी बोलावलं नव्हतं.

"माहितीपत्रकात सहा होती, काकू," जयदीप म्हणाला.

"अल्बममध्ये पाच आहेत. तेवीस मिनिटांचं काम होतं. तुमच्यापैकी एकानेही ऐकलं नाही आणि अंगावर काटा मात्र आला."

"रोज शंभर गाणी येतात. सगळं कोण ऐकणार?"

"मी ऐकत होते."

ऑफिसातले दोघे-तिघे मान वर करून बघू लागले. प्रभावतीबाईंनी पिशवीतून हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "आता ऐका. माझ्यासमोर."

जयदीपने कानाला लावले. दीड मिनिटातच त्याचा अंगठा दुसऱ्या फोनवर फिरायला लागला. मग हेडफोन काढून म्हणाला, "मस्त आहे, काकू. वाइब आहे."

"पहिलं गाणं अजून संपलेलं नाही."

तो गोरामोरा झाला. व्हिडिओतलं ते वाक्य कापतो म्हणाला. त्या मुलीची आणि तिच्या आईची माफी मागा म्हटल्यावर मात्र, "बिनकामाचा इश्यू होईल." मग माझी टिपणं तुमच्या पानावरून काढा, असं त्या म्हणाल्या. तर तो म्हणे, एकदा छापलं की ते वेबसाइटचं.

वाक्य कापलं गेलं. माफी आली नाही. टिपणं अजून तिथेच आहेत, पी. घोरपडे या नावाने. यशराजचे बघणारे वाढलेत.

त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते वैभवीचं बोलणं. "जाऊ द्या, मॅम," ती म्हणाली. "पुढच्या अल्बमला मला त्यांच्याकडेच जावं लागेल." त्या मुलीवर कसं रागवायचं? तिला जाऊ द्या म्हणायला लावणाऱ्यांवर मात्र प्रभावतीबाईंचा राग दुप्पट झाला.

आता त्या दर शुक्रवारी स्वतःच मेल पाठवतात. पहिली यादी गेली एकसष्ट जणांना, त्यात निम्मे गाणी करणारेच. नाव पूर्ण लिहिलं, प्रभावती सुधाकर घोरपडे, वय सत्तावन्न. आणि वर ठळक अक्षरात, "या यादीतलं प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं आहे."

सुधाकररावांनी चहा पिता पिता ते वाचलं. "हा टोमणा वाटतो," ते म्हणाले.

"टोमणाच आहे," प्रभावतीबाई म्हणाल्या आणि मेल पाठवून दिली.