न भिजणारा दुपट्टा

दारव्ह्याच्या बाजारात, मे महिन्यात, एक पोरगा कपडा भिजू नये म्हणून त्यावर मारायचा फवारा विकत होता. डोक्याले ओला दुपट्टा, अन् बोलता बोलता कापडावरचे थेंब बोटानं टिचकवायची सवय.

“जनम कापूस पिकवण्यात गेला माह्या,” मी म्हणालो. “कापूस पाणी पेतेच. मले नको शिकवू.”

“बाबाजी, डोळ्याले न दिसणाऱ्या बारीक भोकांचा थर बसते. त्यात हवा राह्यते, ते थेंबाले टेकूच देत नाही.”

“मार मग माह्या दुपट्ट्यावर!”

“उन्हाचं घरी जाचं हाय ना तुमाले?”

“मार म्हणतो ना!”

त्यानं फवारलं, वाळवलं, वरून तांब्या ओतला. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या पानावरून पळावं तसं पाणी पळालं. मी हादरलोच. पिळला, तर थेंब नाही. आता ओलं काय बांधू डोक्याले? गाव दोन कोस, रस्त्याले झाड नाही.

तरी ताठ निघालो. मागून येऊन त्यानं माह्या हातातला दुपट्टा काढून घेतला अन् स्वतःचा ओला माह्या डोक्याले गुंडाळला.

“याले नाही मारलं काय रे?”

“कायले मारू, बाबाजी? दिवसभर उन्हातच उभा राह्यतो मी.”

वळणावरून पाहिलं. माहा कोरडा दुपट्टा डोक्याले बांधून तो पुन्हा थेंब टिचकवत होता. नाव विचारलं नाही मी. माही जिद्द मात्र त्यानं आपल्या डोक्यावर घेतली होती.